जावईबापूंचं पहिलं वर्ष

११ एप्रिल १९३७, गोरेगाव
पोचलो. आई जन्मभर "आपला देश, आपला देश" म्हणायची. त्या देशात मी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाय ठेवला आणि हिंगोली स्टेशनावर उतरताक्षणी मनात आलं, आई, तू उन्हाबद्दल एक अक्षर बोलली नाहीस.

माझा जन्म आफ्रिकेतल्या नाकुरूचा. वडील तिथे रेल्वेत कारकून. मी मोलोच्या डोंगरावर एका गोऱ्या साहेबाच्या मेंढरांच्या फार्मवर सात वर्षं कोठी सांभाळली आणि सांभाळता सांभाळता निम्मा मेंढीडॉक्टर झालो. तिथे बारा महिने संध्याकाळी शेगडी लागते आणि सकाळी गवत गोठलेल्या दवाने पांढरं असतं. मुंबईच्या एका पेपरात गोरेगावच्या तातेराव देशमुखांची जाहिरात आली, "विलायती एडका व तो सांभाळणारा माहितगार इसम पाहिजे." आफ्रिकेत मला इंडियन म्हणत. म्हटलं, जिथे सगळेच इंडियन आहेत तिथे तरी मला माझ्या नावाने, मोरेश्वर सबनीस म्हणून हाक मारतील. इथे आज सकाळपासून मी आफ्रिकावाला आहे.

दोन एडके घेऊन निघालो होतो. एक बोटीवरच गेला. उरलेला बैलगाडीत जीभ बाहेर काढून बसला होता आणि मी त्याच्या शेजारी. तातेरावांनी करार तोंडीच सांगितला. पुढच्या शिमग्यापर्यंत या एडक्याची, मऊ पांढऱ्या लोकरीची कोकरं जमिनीवर उभी दिसली पाहिजेत. दिसली तर एडका राहील आणि मीही. नाही तर एडका कसायाकडे आणि मी परत नाकुरूला, भावाच्या दुकानात. मला परत जायचं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

१४ एप्रिल
तातेरावांच्या वाड्यामागे दगडी खोली आहे, वर पत्रा. तीत एडका. बाहेरच्या पडवीत मी. पलीकडे आखरावर, म्हणजे गुरं बसायच्या मोकळ्या जागेत, दगडोबा नावाचा म्हातारा मेंढपाळ आणि त्याची बायको बनाबाई. त्यांच्या वीस मेंढ्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या एडक्याला द्यायच्या ठरल्या आहेत. इथली मेंढी काळी, उंच पायांची, राठ केसांची. आमच्या एडक्याच्या मानेला तीन घड्या आणि डोळ्यांवर लोकर, त्याला धड दिसतही नाही.

बनाबाईने त्याच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "दगडी खोली, हिरवा चारा, हाताखाली मानूस. ह्यो तर जावाई हाय." दुपारपर्यंत गावभर झालं. आता लहानथोर सगळे त्याला जावईबापूच म्हणतात.

मी विचारलं, "बनाबाई, तुम्ही उन्हात राहता कशा?"

ती म्हणाली, "ऱ्हातो म्हंजे? ऊन हितलंच हाय, बाबू. आमी बी हितलेच." उत्तर टिपून ठेवलं, उपयोग काय ते कळलं नाही.

२ मे
सावलीत एकशे अकरा. मोलोच्या साहेबाने निघताना मला दोन थर्मामीटर दिले आहेत. एक नुसता टांगायचा, दुसऱ्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळायची. आज कोरडा एकशे अकरा, ओला अठ्ठ्याहत्तर. तेहतीस अंशांचा फरक! एका ओल्या चिंधीची एवढी करामत. लगेच खोलीच्या दाराला वाळ्याचा पडदा लावला आणि दिवसातून दहा वेळा त्यावर पाणी मारायला लागलो. आत गेलं की मोलोची आठवण येते. एडका भिंतीला टेकून डोळे मिटून रवंथ करतो. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटला.

साहेबाचा दुसरा नियम, उष्ण देशात पोटाला फ्लॅनेलचा पट्टा बांधून ठेवायचा, म्हणजे पोटाला थंडी बाधत नाही. बांधला आहे. दगडोबाने पाहिलं आणि खूप वेळ पाहतच राहिला. मग आपल्या मुंडाशातून एक कांदा काढून माझ्या खिशात घातला. "ऱ्हाऊ द्या. ऊन लागत न्हाई." कांद्याने उष्णता कशी अडते? दुपारी कांद्यालाही थर्मामीटर लावून पाहिला. काही विशेष आढळलं नाही.

१९ मे
झोप नाही. भूक नाही. बनाबाईने आंबील पाजली. गाडगंभर प्यालो.

२७ जून
पाऊस लागून पंधरा दिवस झाले. मला वाटलं होतं, सुटलो. कसलं काय. पारा खाली आलाय, ब्याऐंशीवर, पण अंग कसं ते विचारू नये. सदरा सकाळी घातला की दहा मिनिटांत पाठीला चिकटतो तो झोपेपर्यंत. सगळ्या पाठीवर घामोळं. चामड्याच्या पेटीवर हिरवी बुरशी, वहीची पानं लोळागोळा. पट्ट्याखाली तर आग आग होते, पण नियम म्हणजे नियम.

एक फार मौजेची गोष्ट. दोन्ही थर्मामीटर जवळ जवळ आले! कोरडा ब्याऐंशी, ओला एकोणऐंशी. मे महिन्यात तेहतीसचं अंतर होतं, आता तिनाचं. दोघं भाऊ भांडण मिटवून शेजारी येऊन बसल्यासारखे दिसतात. कारण शोधलं पाहिजे. जावईबापूंना मात्र धाप लागते आहे, म्हणून पडद्यावर पाणी मारणं दुप्पट केलं आणि पलीकडची खिडकी गोणपाटाने बंद केली, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.

बनाबाई दारात येऊन उभी राहिली. "बाबू, कापड वाळंना झालंय. तुमी त्याला आनखी भिजवून राहिले. ओलं कापड वाळंना, तर आंग कुठून वाळंल?"

मी तिला ओल्या चिंधीचा सिद्धांत समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला.

१ जुलै
आज वीस मेंढ्या आमच्या आवारात आणल्या. त्यातल्या तीन पायाने अधू आहेत, चिखलाने खूर सडलेत. जावईबापूंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि गव्हाणीत तोंड घातलं. प्रवासाचा शीण अजून गेला नसेल.

९ जुलै
दगडोबाचं म्हणणं पडलं, मेंढ्यांना नुसतं कोंडून भागत नाही, पहाटे दोन तास माळावर फिरवून आणायला हव्यात. "पाय मोकळे होत्यात." मला पटलं. जावईबापूंना मात्र मी चिखलात सोडत नाही. तीन अधू मेंढ्या त्याच्याजवळ राहतात, बाकीच्या सतरा दगडोबा नेतो आणि उन्हं वर येण्याआधी आणतो. माळावर त्याच्या भावाचं, मल्हारीचं, मोठं खांड, म्हणजे कळप, असतो. तेवढाच आमच्या मेंढ्यांना सोबतीचा विरंगुळा.

व्यायामाचा परिणाम दांडगा दिसतो. परत येतात तेव्हा अगदी शांत असतात.

२४ जुलै
आजचा दिवस वाईट. फिनेल आणायला सेनगावला गेलो होतो. परत येतो तो आवारात जावईबापू नागडे उभे. दगडोबाने कातरीने अंगावरची सगळी लोकर उतरवली होती. साडेतीन बोटं लांब, दुधासारखी लोकर, तातेरावांना दाखवायला मी जपलेली! मी ओरडलो. आयुष्यात इतका ओरडलो नसेन. म्हणालो, परवानगी कुणाची? उन्हापासून त्याला लोकरच राखते, हे पुस्तकात आहे. तू अडाणी आहेस.

दगडोबाने एडक्याची शेपटी वर केली आणि मला हाताने जवळ ओढलं. घड्यांमध्ये, उरल्यासुरल्या ओल्या लोकरीखाली, किडे वळवळत होते. मुठीमुठीने. मी रोज दोनदा त्याच्या अंगावरून हात फिरवत होतो, वरून मऊ लागायचं, एवढंच.

बनाबाईने सीताफळीचा पाला पाट्यावर वाटला आणि ती हिरवी चटणी जखमांत भरली. किडे बाहेर पडून मरायला लागले. मग मला म्हणाली, "सदरा काढा."

"काहून?" माझ्या तोंडून इथलाच शब्द गेला.

"त्याच्यावानी तुमी बी आतून सडून राहिले. वास येतोय."

पट्टा सोडला. खाली कातडी सोललेली होती. ती म्हणाली, हे आता उघडं ठेवा, वर काही बांधू नका. दगडोबाला अडाणी म्हणालो ते परत घ्यायला हवं. सकाळी बोलतो.

२५ जुलै
बोललो. दगडोबा म्हणाला, "आमी अडाणीच हाव. त्यात काय." आणि तंबाखू मळून अर्धी मला दिली.

३० जुलै
वाळ्याचा पडदा काढला, गोणपाट काढलं. जावईबापू आता दिवसभर माळावर असतो, वारं लागेल तिथे. दुपारी इथल्या मेंढ्या गोल करून उभ्या राहतात आणि प्रत्येक मेंढी आपलं डोकं दुसरीच्या पोटाखाली, तिच्या सावलीत घालते. झाड नको, छप्पर नको. आज तिसऱ्या दिवशी जावईबापूंनीही मधल्या एकीच्या पोटाखाली डोकं घातलं. मी वही काढून चित्र काढलं.

मीही उघड्या अंगावर नुसती बंडी घालतो. पहाटे काम, दुपारी आडवं, उतरत्या उन्हात पुन्हा काम. मोलोच्या साहेबाने मला आळशी म्हटलं असतं.

८ ऑगस्ट
दगडोबा म्हणतो, सतरा मेंढ्या फळल्या, गाभण राहिल्या. सतरा! जावईबापूंनी आजारपणातसुद्धा कर्तव्य सोडलं नाही. तातेरावांना निरोप धाडला. नवल एवढंच की तीन अधू मेंढ्या तेवढ्या रिकाम्या राहिल्या, आणि त्या तर जुलैभर चोवीस तास त्याच्याजवळ होत्या. खूर आणि गर्भ यांचा काय संबंध असावा? मोठा प्रश्न आहे. टिपून ठेवतो.

२१ सप्टेंबर
मल्हारी सगळं खांड, त्याचे आणि दगडोबाचे एडके घेऊन पूर्णेकाठी चाऱ्याला गेला. त्या तीन मेंढ्या लांबचं चालू शकत नाहीत म्हणून बनाबाईने मागे ठेवल्या. त्यांचे खूर मी मोरचुदाच्या पाण्याने बरे करतो आहे, हे तरी मला येतं. जावईबापूंच्या अंगावर बोटभर लोकर आली. आज सकाळी गव्हाण सोडून तो त्या तिघींच्या मागे माळभर हिंडत होता. बनाबाई हसत होती. "जावायाची हवा पालटली," म्हणाली. मला वाटलं, पाऊस उघडल्याबद्दल बोलते आहे.

४ डिसेंबर
खांड गेल्या आठवड्यात पूर्णेकाठून परतलं आणि कोकरं येऊ लागली! चार दिवसांत अकरा झाली.

अकराही काळी आहेत. उंच पायांची, राठ केसांची, मान सपाट. एकाच्याही मानेला घडी नाही.

दिवसभर त्यांच्यामध्ये बसून राहिलो. मग लक्षात आलं, मी एका फार मोठ्या शोधाच्या दारात उभा आहे. हवा! या देशाची हवा नुसतं अंगच बदलत नाही, ती रक्तात उतरते आणि एका पिढीत सगळं आपल्यासारखं करून टाकते. माझ्यावरही काय कमी परिणाम झाला? तातेरावांना हे नीट मांडून दाखवायचं. आठ पानं लिहिली आहेत.

९ डिसेंबर
तातेराव आले. सतरा काळी कोकरं पाहिली. मी आठ पानं वाचून दाखवली. मोठ्या सभ्यपणे त्यांनी ऐकली. मग म्हणाले, "सबनीस, तुमचं अक्षर फार सुरेख आहे." आणि दगडोबाकडे वळले. "दगडोबा, खरं सांग."

दगडोबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "मालक, आफ्रिकावाल्याची काई चूक न्हाई. माझाच एडका व्हता. पहाटं माळावर नेत व्हतो. जावाई नुसता उभा ऱ्हायचा, उकाड्यानं त्याच्यात जीवच नव्हता. मेंढ्या रिकाम्या ठेवून वरीस काहून घालवायचं? आन् कोकरंच झाली न्हाई तर ह्या आफ्रिकावाल्याच्याबी पोटावर पाय आला असता."

माझ्या कानशिलांना आग लागली. मेंढ्यांना ठाऊक होतं, दोन माणसांना ठाऊक होतं, बहुतेक सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं, आणि वहीत मी ते स्वतःच्या हाताने लिहीत होतो. मागची पानं चाळली. सगळं आहे त्यात.

तातेरावांनी फार आवाज चढवला नाही. एडका शिमग्याला हिंगोलीच्या बाजारात जाईल, म्हणाले. तेव्हाच तुमचीही सोय बघू.

बनाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत मध्ये आली. "मालक, अजून तीन बाकी हायेत. भादव्यात आमचा एडका हितं नव्हता." तातेरावांनी बोटांवर महिने मोजले. "बघू," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी दगडोबाला विचारलं, मला का नाही सांगितलं?

तो म्हणाला, "तुमी इतकं मन लावून लिहून राहिले व्हते. मोडावं वाटलं न्हाई."

त्याचा राग आला. थोडा वेळ. मग राग धरायला जागाच सापडेना.

१७ जानेवारी १९३८
भावाचं पत्र. जागा ठेवली आहे, कधी येतोस? उत्तर लिहिलं नाही. तिन्ही मेंढ्यांची पोटं दिसू लागली आहेत. रोज हात लावून पाहतो. बनाबाई म्हणते, इतका हात लावू नका, त्या काय गहाळ होणार नाहीत.

१९ फेब्रुवारी
पहाटे पहिली मेंढी व्यायली. बनाबाई पाण्याला गेली होती, मी एकटाच होतो. कोकरू बाहेर आलं. पांढरं. मानेला दोन घड्या. मला रडू आलं, ते आलं असं लिहितो. मोलोला शिकलो होतो तसं लगेच उचललं, नाक साफ केलं, कार्बोलिक साबणाने हात धुऊन, स्वच्छ टॉवेलाने त्याला अगदी कोरडं केलं आणि आईपुढे ठेवलं.

मेंढीने वास घेतला आणि डोक्याने त्याला उडवलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा धडक. तिसऱ्यांदा कोकरू भिंतीवर आपटलं. मेंढी सगळीकडे आपलं लेकरू शोधत ओरडत होती आणि ते तिच्यासमोरच पडलं होतं.

बनाबाई घागर टाकून धावत आली. "कोनी पुसलं?"

"मी."

"काहून पुसलं, बाबू? वास पुसला तुमी त्याचा. तिनं कशानं वळखावं? आदीच त्याचं रूप परकं."

मोलोला मेंढ्या हजार, आया हजार. एखादीने टाकलं तर बाटलीचं दूध असायचं. इथे एकच होतं आणि ते थंड पडत चाललं होतं. माझ्याच हाताने मी त्याला या जागेपासून पुसून काढलं होतं. बनाबाईने मला बाजूला केलं. मेंढीला धरून वाटीत चीक पिळला, बोट बुडवून कोकराच्या तोंडात दिला. थेंब थेंब. मग म्हणाली, "जार पडस्तोवर वाट बघायची. तुमी तिकडं लांब बसा. तुमच्या हाताला साबनाचा वास हाय."

लांब जाऊन बसलो. उन्हं वर आली. तातेरावांचा माणूस विचारायला आला, त्याला दगडोबाने परतवलं. जार, म्हणजे वार, पडला तसा बनाबाईने तो उचलून कोकराच्या अंगभर चोळला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, मी पुसलेली जागा न् जागा. वरून मीठ भुरभुरलं. कोकरू ओलं, रक्ताळलेलं, घाणेरडं झालं. मोलोच्या साहेबाने पाहिलं असतं तर बंदूक काढली असती.

मेंढीपुढे ठेवलं. मेंढीने मान खाली घातली. मी श्वास रोखला. तिने मीठ चाटलं. थांबली. पुन्हा चाटलं. पाठीवरून, कानावरून, मानेच्या त्या दोन घड्यांच्या आतून. मग तोंड न उघडता गळ्यातल्या गळ्यात घोगरी हाक दिली. ती हाक मेंढी फक्त आपल्या लेकराला देते, हे मला मोलोलाही ठाऊक होतं. कोकरू उठलं, पडलं, उठलं आणि आचळाला लागलं. बनाबाई खाली बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "घेतलं. आता त्याला कोनी काढत न्हाई."

२१ फेब्रुवारी
तातेराव येऊन गेले. कोकराच्या मानेची घडी दोन बोटांत धरून पाहिली, लोकर फुंकून पाहिली. म्हणाले, "ही कुठली हवा म्हणायची, सबनीस?" मी काही लिहून आणलं नव्हतं. म्हणालो, "हे कसं झालं ते बनाबाईंना विचारा. मी पुसत होतो, त्यांनी माखलं." त्यांनी बनाबाईला विचारलंच, आणि तिने सगळं सांगितलं, माझ्या साबणासकट.

एडका विकायचा नाही असं ठरलं. जाताना तातेरावांनी मला विचारलं, पुढच्या उन्हाळ्याची काय तयारी करणार? मी दगडोबाकडे पाहिलं. तो म्हणाला, "हे माझ्या संगं माळावर ऱ्हातील. तिथं वारं असतं."

भावाला पत्र टाकलं. लिहिलं की अजून दोघी व्यायच्या आहेत, आणि त्या वेळी मी इथे असलेला बरा, कारण कोकराला हात लावायचा नाही हे आता मला कळलं आहे.